मनोऱ्यातली पडवी

कोकणातल्या किहीमच्या जुन्या कौलारू घरांची पडवी ऊन-पावसाचा मारा स्वतः झेलते आणि आत समुद्राचा वारा तेवढा सोडते. समुद्रापलीकडे मुंबईत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी हेच तत्त्व उंच इमारतीत नेले. कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ १९८३ मध्ये पूर्ण झाली: २८ मजले, ३२ सदनिका. मुंबईत वारा पश्चिमेचा, पण दुपारचे ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. म्हणून इमारतीच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या बागगच्च्या कोरल्या. जणू पडवीच वर चढवली. वास्तुविशारदांनी तिची मनापासून वाखाणणी केली, विद्यार्थी आजही तिचे आराखडे अभ्यासतात. बंदिस्त काचेच्या मनोऱ्यांपेक्षा कोकण किनाऱ्याच्या हवेला हीच रचना अधिक मानवणारी आहे.