पार्टनरशी वाजलंय?

हॉस्टेलवर चार वर्षं काढून ज्याचं पार्टनरशी एकदाही वाजलं नाही तो संत तरी असावा, नाहीतर दर शुक्रवारी घरी पळणारा! बाकी आपण सगळे एका माळेचे मणी. कारणं तरी काय, तर न विचारता नेलेली बादली, घरून आलेला आणि रात्रीत संपलेला चिवडा, सबमिशनच्या आदल्या दिवशी जीटी मारायला परस्पर दुसऱ्या विंगमध्ये गेलेली शीट. बाहेरच्याला हसू येतं. पण त्याच माणसाशेजारी रोज झोपायचं असतं, तेव्हा हसू येत नाही.

गेल्या वर्षी रेक्टर सरांनी मला मजल्याचा प्रतिनिधी केलं. गळके नळ नि गेलेल्या ट्यूब वहीत लिहायच्या, एवढंच काम असं मला वाटलं. अमेरिकेतल्या कॉलेजांत अशा मुलाला 'रेसिडेंट असिस्टंट' म्हणतात. तोही विद्यार्थीच, पण त्याला आधी रीतसर ट्रेनिंग देतात. बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीलाच पार्टनर लोकांकडून झोपायची वेळ, साफसफाई, पाहुणे, कुणाची वस्तू कुणी वापरायची हे कागदावर लिहून घेतात. माझं ट्रेनिंग म्हणजे सरांचं एक वाक्य, "बघ रे, मजल्यावर गडबड नको."

आणि पहिल्याच भांडणात मी माती खाल्ली. एकाचा अलार्म पहाटे साडेचारला वाजायचा, तो स्वतः उठायचा नाही, दुसरा मात्र टक्क जागा! हा दुसरा माझ्याच तालुक्याचा. त्याचं ऐकलं, तडक खोलीत गेलो आणि दारात जमलेल्या दहाजणांसमोर निकाल दिला, "उद्यापासून अलार्म बंद!" अलार्म बंद झाला. मीही खूश.

पंधरा दिवसांनी वॉचमन काकांनी सांगितलं, तो मुलगा रोज रीडिंग रूममध्ये बाकावर झोपतोय. मेसलाही सगळे उठून गेल्यावर येतो. त्या रात्री चहाला नेलं तेव्हा कळलं, त्याची एम-थ्रीची केटी होती, घरी सांगितलेली नव्हती. रात्री खोलीत गप्पांचा अड्डा, म्हणून पहाटेचा अभ्यास. हे मी आधी विचारलंच नव्हतं.

मग दोघांना वेगवेगळं ऐकलं, नंतर माझ्या खोलीत दार लावून समोरासमोर बसवलं. "तू नेहमीच असा" चालणार नाही म्हटलं. कुठल्या दिवशी, किती वाजता, काय झालं तेवढंच बोला. जुन्या शीटच्या पाठीमागे तिघांनी लिहिलं: साडेअकराला अड्डा बंद, अलार्म व्हायब्रेटवर उशाखाली, टेबललॅम्प भिंतीकडे तोंड करून, दोन आठवड्यांनी पुन्हा बसायचं. दोघं जिवलग मित्र वगैरे झाले नाहीत. पण तो खोलीत झोपायला लागला.

सगळंच मात्र प्रतिनिधीने मिटवायचं नसतं. चोरी, मारहाण, दारू पिऊन धिंगाणा, किंवा कुणी जेवण-बोलणं सोडून वेडंवाकडं बोलायला लागला, तर त्याच रात्री रेक्टर सरांना उठवायचं. "आपसात मिटवू" म्हणायचं नाही. रॅगिंगला तर महाराष्ट्रात १९९९ पासून कायदाच आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी ७ दिवसांत चौकशी करायची असते. कॉलेजात बोलायची भीती वाटली तर १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाइन आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांत तर दर ६ नव्या मुलांमागे एक विद्यार्थी-मेंटर सांगितलाय. माझ्या मजल्यावर मुलं ४८ आणि मी एकटा! रेक्टर सर, हे वाचत असाल तर हिशोब तुम्हीच करा.

तोवर माझी खोली जिन्यालगतची पहिली. रात्री बारापर्यंत कधीही दार वाजवा. पहाटे साडेचारला नको.