चेर्लाईच्या ओसरीवर

सकाळचे सात वाजताहेत आणि फोर्ट कोचीतल्या वेलीच्या धोबीखान्यात पहिले कपडे दगडावर आपटायला लागलेत. सिमेंटच्या कप्प्यांची लांब रांग आहे. प्रत्येक कप्प्यात पाण्याची टाकी, धुण्याचा दगड आणि एक माणूस, लुंगी खोचून उभा. तो श्वास सोडत कपडा खाली आणतो आणि आवाज पलीकडच्या भिंतीवर जाऊन परत येतो. मागच्या मोकळ्या जागेत दोऱ्याच दोऱ्या ताणल्यात. चिमटा एकही नाही. दोन पदरांचा दोर एकमेकांत पिळलेला असतो, त्या पिळात चादरीचं टोक खोवायचं, मग वारा कितीही सुटो. एक म्हातारी दोन बोटांनी पीळ उघडते, टोक आत सरकवते, पुढे जाते. चादर संपेपर्यंत तिची नजर माझ्यावर असते, हाताकडे ती बघतच नाही.

इथे बोलणं चाललंय तमिळमध्ये. हे वण्णार लोक. अठराव्या शतकात डचांनी आपल्या सैनिकांचे गणवेश धुवायला त्यांना तमिळ मुलखातून आणलं. ही इमारत मात्र 1976 सालची. गणवेश गेले, डच गेले, त्यांच्यामागून आलेले इंग्रजही गेले, आणि आता हॉटेलांच्या चादरी आणि घरोघरचे कमरेला गुंडाळायचे पांढरे मुंडू इथे येतात. आतल्या खोलीत एक काका तांदळाच्या पेजेची खळ दिलेला मुंडू इस्त्री करताहेत. इस्त्री निखाऱ्यांची, जड, आणि ती उचलताना त्यांच्या मनगटाची शीर वर येते. मी दारात उभी राहते. ते हातानेच आत ये म्हणतात, स्टूल पुढे करतात आणि कामाला लागतात. मी बराच वेळ तिथे बसून आहे. एकटीनं प्रवासाला निघायचं ते याचसाठी. सोबत कुणी असतं तर आतापर्यंत आम्ही पुढच्या ठिकाणी पोहोचलो असतो.

पुढचं ठिकाण म्हणजे सेंट फ्रान्सिस चर्च, कारण सगळेच तिकडे निघालेत. आत लाकडी बाकांवर कापडी पंखे टांगलेत. ते बाहेरून दोरीनं ओढायचे. उजव्या अंगाला जमिनीत एक दगड, भोवती कठडा, आणि कठड्याभोवती मोबाइल उंचावलेले हात. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत मेला, त्याला इथे पुरलं. 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे खाली काही नाही. तरी गर्दी सगळ्यात जास्त याच रिकाम्या जागेभोवती, आणि ते मला खटकतं. हे शहर गामानं घडवलं नाही. त्याच्या आधी इथे मिरी होती, बंदर होतं, अरब होते, ज्यू होते.

किनाऱ्यावर चिनी जाळी. चीनवला म्हणतात इकडे. फोटोत ती हलकी दिसतात, जवळून मात्र अजस्र आहेत. सागाचे वासे, त्यांच्या टोकाला तंबूइतकं जाळं, आणि मागच्या बाजूला दोरांना बांधलेले धोंडे, एकाखाली एक. चार-पाच जण दोराला लटकतात, धोंडे खाली येतात, जाळं पाण्यातून वर निघतं. आत्ता वर आलंय त्यात मूठभर कोळंबी, एक खेकडा आणि ढीगभर जलपर्णी. म्होरक्या काही बोलत नाही. जलपर्णी हातानं उपसून फेकतो, जाळ्याचा फाटलेला डोळा चाचपून बघतो, पुन्हा खाली सोडायची खूण करतो. पर्यटकांनी दोर ओढून फोटो काढायचे आणि पैसे द्यायचे, ही आता माशांइतकीच मिळकत आहे. मला इथे फोटो काढवत नाही. कोळंबी विकत घ्यावी तर शिजवायला चूल नाही, म्हणून नुसती बघत उभी राहते.

मट्टनचेरीला चालत जाते. बाजार रोडवर गोदामांची दारं उघडी आहेत आणि रस्त्यात आधी सुंठ लागते, मग मिरी, मग पुन्हा सुंठ, सगळी वासावरून ओळखायची. एका अंगणात बायका सुपांनी सुंठ पाखडताहेत. धुळीनं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्यात. ज्यू टाउनमधलं परदेशी सिनेगॉग आज बंद, शब्बाथ आहे. 1568 चं हे प्रार्थनाघर आणि 1760 चा त्याचा घड्याळाचा मनोरा मी बाहेरूनच बघते. 1948 नंतर इथली कुटुंबं एकामागून एक इस्रायलला गेली. गल्लीतल्या खिडक्यांच्या लोखंडी गजांवर षट्कोनी तारे तसेच आहेत, आणि आत काश्मिरी शाली विकायला टांगल्यात.

तिथून चेर्लाई फार लांब नाही, पण गर्दी तिकडे वळत नाही. रस्ता अरुंद होतो. देवळाचं तळं दिसतं, तिरुमल देवस्वमचं. ओल्या पंच्यानं अंग पुसत एक गृहस्थ पायऱ्या चढतात आणि वरच्या मुलाला हाक मारतात. मला ती हाक कळते! सकाळपासून कानावर मल्याळम आणि तमिळ, आणि आता अचानक कोकणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा हे कोकणी लोक देव घेऊन किनाऱ्यानं दक्षिणेला निघाले. कोचीच्या राजानं थारा दिला. तेव्हापासून हे इथेच आहेत, मल्याळम शाळेत शिकून, घरात कोकणी बोलत.

याच कोकणी वस्तीतले तीन वैद्य होते, रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट. डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा ग्रंथ करायला घेतला, तेव्हा हे तिघे आणि मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांनी झाडं ओळखून दिली, गुण सांगितले. तिघांनी 20 एप्रिल 1675 रोजी तसं प्रमाणपत्र लिहून दिलं, कोकणीत, नागरी अक्षरांत. 1678 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये पहिला खंड निघाला त्यात ते छापलेलं आहे. एकूण बारा खंड, सातशेहून अधिक वनस्पती. त्या पानाचं चित्र मी पाहिलंय. अक्षरं लागतात, मराठी डोळ्यांना सरळ वाचता येतात. घरदार सोडून आलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांनी नव्या मातीतलं झाड न् झाड असं ओळखीचं करून घेतलं. पाटी दिसेल म्हणून मी गल्लीतून दोनदा फिरते. मला तरी दिसत नाही. गामाच्या रिकाम्या दगडाला कठडा आहे आणि या तिघांच्या नावाचा साधा दगडही मला सापडू नये, याचा मला राग येतो.

एका ओसरीवर पापड वाळत घातलेत. उडदाचे, तळहाताएवढे. पलीकडे एक आजी पोळपाटावर लाटताहेत, शेजारी लाट्यांचा ढीग ओल्या फडक्याखाली. मी थबकते.

“गांव खंयचो?” त्या विचारतात.

“पुणं,” मी म्हणते, आणि मराठीतच पुढे बोलते. त्यांना बहुतेक कळतं. त्यांचं मला निम्मं कळतं, उरलेलं हातवाऱ्यांतून. गोव्यात कधी गेला होतात का, विचारते. कुलदेवाला, एकदाच, लग्नानंतर, त्या सांगतात, आणि देवाचं नाव घेताना लाटणं थांबवून कपाळाला हात लावतात. हाताला पीठ असतं, ते कपाळावर उमटतं. मग सुनेला आतून पाट आणायला सांगतात.

माझ्यापुढे एक लाटी येते. पीठ घट्ट आहे, पापडखाराचा वास नाकात जातो. मी लाटते. आजी माझा पापड उचलून उजेडासमोर धरतात, मध्ये पातळ, कडेला जाड. मान हलवतात, तो परत गोळा करतात आणि माझ्या मनगटावर स्वतःचा हात ठेवून दाब कुठे द्यायचा ते दाखवतात. कडेला, मध्ये नाही. पुढची लाटी फडक्याखालून काढून देतात. पीठ सुकायच्या आत ढीग संपायला हवा.