सोयाबीनची जनुकपरीक्षा



शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो, आणि स्वयंपाकघरापुरते ते खरेही आहे. एका पातेल्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. म्हणून एक शीत दाबून पाहिले की सगळ्या भाताची साक्ष मिळते. परंतु जहाजभर सोयाबीनची परीक्षा मूठभर दाण्यांवरून करायची असेल, आणि त्या दाण्यांतही डोळ्यांना न दिसणारा गुण शोधायचा असेल, तर ही म्हण कितपत पुरी पडते? आज या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय प्रयोगशाळेतला दिसला तरी तो तेथेच राहणारा नाही. विदर्भ-मराठवाड्यात खरिपात मोठ्या क्षेत्रावर सोयाबीनचा पेरा होतो. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला मान्यता नाही. उलट अमेरिका, ब्राझील आणि अर्जेंटिना या देशांत पिकणारे बहुतेक सोयाबीन त्याच जातीचे आहे. त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक आपल्या मालाचा दाखला मागते आणि आपण परदेशी मालाचा मागतो. 'जनुकीय बदल आढळला नाही' एवढ्या चार शब्दांवर माल बंदरातून सुटतो किंवा अडतो. त्या शब्दांचा नेमका अर्थ काय, हे शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला आणि खाणाऱ्यालाही कळले पाहिजे.

प्रथम शोधायचे काय ते पाहू. १९९६ साली अमेरिकेत मोन्सँटो कंपनीचे 'राउंडअप रेडी' सोयाबीन शेतात आले. ग्लायफोसेट नावाचे तणनाशक वनस्पतीतील एका आवश्यक विकराला निकामी करते. त्यामुळे तण मरते, पण पीकही मरते. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या वर्गातल्या एका जिवाणूत तेच काम करणारे, पण ग्लायफोसेटला न जुमानणारे विकर होते. त्याचे जनुक शास्त्रज्ञांनी सोयाबीनमध्ये घातले. नुसते जनुक घालून भागत नाही. 'येथून वाचायला लाग' असे पेशीला सांगणारा प्रवर्तक तुकडा फुलकोबीवरच्या एका विषाणूकडून घेतला, 'येथे थांब' असे सांगणारा समापक तुकडा अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्याच दुसऱ्या एका जातीकडून घेतला, आणि तयार झालेल्या विकराला पेशीतल्या योग्य जागी पोचवणारी चिठ्ठी पेटुनिया या फुलझाडाकडून घेतली.

जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे पंडित क्षेपक ओव्या कशा ओळखतात, हे श्रोत्यांना ठाऊकच आहे. सोयाबीनची जनुकपोथी सुमारे ११० कोटी अक्षरांची आहे. तीत काही हजार अक्षरांचे हे क्षेपक आहे. ते ओळखण्याच्या दोन जागा. एक म्हणजे क्षेपकातला मजकूर. तो अनेक वाणांत सारखाच असू शकतो. दुसरी म्हणजे मूळ पोथी आणि क्षेपक यांचा सांधा. हा सांधा प्रत्येक वाणाचा आपापला असतो, म्हणून अमुक वाणच आहे असे ठामपणे सांगायचे तर सांध्यावरच बोट ठेवावे लागते.

आता परीक्षेच्या रीती. सर्वांत साधी रीत म्हणजे दाणे ग्लायफोसेटच्या द्रावणात भिजवून रुजत घालणे. साधा कोंब खुरटतो, बदललेला तरारून वर येतो. ही रीत स्वस्त आहे. पण तिला दिवस लागतात, आणि दाणा जिवंत लागतो.

दुसरी रीत कागदी पट्टीची. दाणे दळून पाण्यात कालवायचे आणि पट्टी बुडवायची. त्या विशिष्ट प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडे पट्टीवर असतात, आणि प्रथिन असल्यास काही मिनिटांत रेघ उमटते. बाजाराच्या आवारात किंवा गोदामाच्या दारात ही पट्टी फार उपयोगी. मात्र भाजलेल्या किंवा शिजवलेल्या मालात प्रथिनाची घडी मोडलेली असते, आणि मग पट्टी मुकी होते. शिवाय ज्या प्रथिनासाठी ती केली त्यापलीकडचे तिला काहीच कळत नाही.

तिसरी रीत पीसीआरची. करोनाच्या साथीत हे नाव घरोघर पोचले. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मलिस यांना १९८३ साली ही युक्ती सुचली आणि १९९३ साली तिच्यासाठी नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. दळलेल्या सोयाबीनमधून डीएनए वेगळा काढतात. हव्या त्या मजकुराच्या दोन्ही टोकांना नेमके चिकटतील असे दोन आखूड तुकडे त्यात घालतात. सुमारे ९५ अंशांवर डीएनएच्या दोन दोऱ्या सुट्या होतात. तपमान उतरवले की ते तुकडे आपापल्या जागी बसतात, आणि एक विकर त्यांच्यापुढे नवी दोरी विणते. या उष्णतेत साधे विकर टिकत नाही. म्हणून यलोस्टोनच्या उन्हाळ्यांत, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांत, राहणाऱ्या जिवाणूचे विकर वापरतात. प्रत्येक फेरीला प्रती दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार असे करीत तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींवर प्रती होतात. पोथीतली एक ओळ शोधण्याऐवजी त्या ओळीच्या कोट्यवधी नकला काढायच्या, म्हणजे ती लपू शकत नाही.

प्रमाण काढायचे तर आणखी एक मोजणी करावी लागते. प्रत्येक सोयाबीनमध्ये लेक्टिनचे जनुक असतेच. लेक्टिनच्या हजार प्रतींमागे क्षेपकाच्या नऊ प्रती निघाल्या, तर प्रमाण ०.९ टक्के झाले. हा आकडा आम्ही सहज घेतलेला नाही. युरोपीय संघात अनवधानाने झालेली भेसळ ०.९ टक्क्यापर्यंत असेल तर वेष्टनावर तसे लिहावे लागत नाही. त्याहून अधिक असेल तर लिहावे लागते. जपानने ही सक्तीची मर्यादा ५ टक्के ठेवली, पण एप्रिल २०२३ पासून 'जनुकीय बदल नसलेले' असे मिरवायचे असेल तर परीक्षेत काहीही आढळता कामा नये असा नियम केला. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२० च्या आदेशाने सोयाबीनसह २४ पिकांच्या आयातीला दाखल्याची अट घातली आणि १ टक्क्याची सवलत दिली. म्हणजे तोच माल एका बंदरात शुद्ध आणि दुसऱ्या बंदरात अशुद्ध ठरू शकतो.

ही परीक्षा जितकी सूक्ष्म, तितकी ती सोवळ्याची. आदल्या नमुन्याच्या पिठाचा कण उडाला तरी खोटा होकार येतो. म्हणून दळणाची खोली वेगळी, पीसीआर मांडण्याची खोली वेगळी; आणि दर खेपेला डीएनए नसलेली एक नळी, खात्रीने साध्या सोयाबीनची एक आणि खात्रीने बदललेल्याची एक, अशा साक्षीदार नळ्या सोबत चालवतात. साक्षीदार चुकले तर त्या दिवसाचा निकाल रद्द करावा लागतो.

पण प्रयोगशाळेने कितीही सोवळे पाळले तरी तीन उणिवा तिच्या हातच्या नाहीत. पहिली नमुन्याची. शंभरात एक दाणा बदललेला असेल आणि आपण ३०० दाणे घेतले, तर त्यांत तो एकदाही न सापडण्याचा संभव सुमारे ५ टक्के असतो. हजारात एक असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी ३,००० दाणे लागतात. तेही माल सारखा कालवलेला असेल तर! जहाजाच्या पोटात निरनिराळ्या शेतांचा माल थरांनी बसतो. वरच्या थरातून ओंजळ भरून घेणाऱ्याने साऱ्या परीक्षेवर दारातच पाणी सोडले असे समजावे.

दुसरी उणीव प्रश्नाची. अनेक वर्षे चाळणीपरीक्षा म्हणून फुलकोबीच्या विषाणूचा तो प्रवर्तक आणि तो समापक हेच दोन तुकडे शोधीत. २००९ साली 'राउंडअप रेडी'ची दुसरी पिढी बाजारात आली. तिच्यात विकराचे जनुक तेच, पण प्रवर्तक आणि समापक दोन्ही निराळे. जुना प्रश्न विचारणाऱ्या प्रयोगशाळेला या वाणाचे पोते साध्या सोयाबीनसारखेच दिसते. आणि २०१९ साली अमेरिकेत असे सोयाबीन तेल विक्रीस आले की ज्याच्या वाणात परकी ओवी शिल्लकच नाही. मूळचीच काही अक्षरे गाळून तेलाचा गुण बदललेला आहे. अशा वाणाला क्षेपकाची चाळणी निरुपयोगी ठरते.

तिसरी उणीव मालाच्या रूपाची. शुद्ध केलेल्या तेलात डीएनए जवळजवळ उरतच नाही. तेव्हा तेलाच्या पिंपावरची परीक्षा बियाण्याची हकीकत सांगू शकत नाही. सोयापेंडीचे तसे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणण्यास परवानगी दिली, तेव्हा पेंडीत सजीव असे काही नाही, हे कारण सांगण्यात आले. पेंड रुजत नाही हे खरेच. पण तिच्यात डीएनए असतो आणि तो ओळखता येतो. निर्जीव असणे आणि ओळख पुसलेली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही परीक्षा बदललेला गुण आहे की नाही एवढेच सांगते. तो गुण हितकर की अहितकर, याचा निवाडा ती करीत नाही. तो विषय निराळ्या चाचण्यांचा आणि निराळ्या वादाचा आहे.

तेव्हा असा दाखला हाती आला की त्याला चार प्रश्न विचारावेत. नमुना कोठून आणि कसा घेतला? कोणते तुकडे शोधले? किती टक्क्यांपर्यंत शोधले? आणि शोधले ते दाण्यात, पेंडीत की तेलात? या चारांची उत्तरे नसतील तर 'आढळले नाही' याचा अर्थ 'विचारले तेवढे, दिले तेवढ्यात, दिसले नाही' इतकाच होतो. प्रयोगशाळा खोटे बोलत नाही. परंतु न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही ती देत नाही. शीत कोणत्या पातेल्यातले आणि ते कोणी निवडून दिले हे पाहिल्याशिवाय भाताविषयी बोलू नये, एवढा विवेक आपण सर्वांनी बाळगावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.