कपाशीच्या वाटेवरील विष : ते मोजावे कसे?

पाचोरा तालुक्यातील कपाशी शेतातून निघून जिनिंगमध्ये, तेथून सूतगिरणीत आणि पुढे रंगाईच्या कारखान्यात जाते. या प्रत्येक टप्प्यावर काही ना काही विषारी द्रव्य हवेत, पाण्यात अथवा जमिनीत सुटते. त्यांपैकी कोणते अधिक घातक, हे ठरविण्याच्या तीन मुख्य रीती आहेत.

पहिली रीत वजनाची. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यान्वये कारखान्यांना सुटणाऱ्या विषारी द्रव्यांचे वजन कळवावे लागते. ही रीत सोपी खरी. परंतु तिला सौम्य व जहाल यांतील भेद कळत नाही. समजा, एका शेतावर गंधक २ किलो, पूर्वी सर्रास वापरले जाणारे मोनोक्रोटोफॉस ३०० ग्रॅम आणि सायपरमेथ्रिन ५० ग्रॅम (शुद्ध घटक) फवारले. वजनाने पाहता गंधक पहिले ठरते.

दुसरी रीत जहालपणाची. प्रयोगातील निम्मे उंदीर दगावण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात जावे लागते, तो आकडा यात घेतात. मोनोक्रोटोफॉसचा आकडा सुमारे १४, सायपरमेथ्रिनचा सुमारे २५०, तर गंधकाचा ५००० हून अधिक आहे. वरील ग्रॅमांस या आकड्यांनी भागल्यास मोनोक्रोटोफॉसचा भार सुमारे २१, गंधकाचा ०.४ हून कमी व सायपरमेथ्रिनचा ०.२ येतो. आता मोनोक्रोटोफॉस पहिले ठरते. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण मुख्यतः याच मापावर आधारलेला आहे.

तिसरी रीत अशी की, द्रव्य जाते कोठे, टिकते किती आणि कोणाच्या शरीरात पोहोचते, हेही पाहावयाचे. पंप नाल्यात धुतला तर लिटरमागे काही मायक्रोग्रॅम सायपरमेथ्रिनही माशांस मारक ठरते. येथे सर्वांत हलके द्रव्यच पहिले येते! २००८ साली मांडलेली ‘यूसटॉक्स’ ही आंतरराष्ट्रीय पद्धत याच तत्त्वावर कारखान्यापासून शेतापर्यंतच्या साऱ्या टप्प्यांचा हिशेब एकत्र करते.

असा हिशेब शेताच्या बांधाशी थांबत नाही. दीपनगरच्या वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशात पारा अत्यल्प असतो. परंतु असा पारा धुरावाटे दूर जाऊन पाण्यातील माशांत साठू शकतो. १९८४ साली भोपाळ येथे ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटून हजारो माणसे मृत्युमुखी पडली, तेथे कार्बारिल हे कीटकनाशक तयार होत असे. डब्यावरील त्रिकोण ही मागची हकीकत सांगत नाही.

शेताच्या टप्प्यावर मात्र पहिला धोका फवारणाऱ्या माणसालाच असतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ‘किती लिटर औषध मारले’ एवढेच न विचारता, घटकाचे नाव, त्याचे प्रमाण, त्रिकोणाचा रंग आणि जवळची विहीर वा नाला यांची नोंद घ्यावी. शेतकरी बंधूंनी शिफारशीप्रमाणेच मात्रा घ्यावी, हातमोजे व तोंडावर मुखवटा वापरावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये आणि पंप पाण्याच्या साठ्यापासून दूर धुवावा. विषाचे माप केवळ तराजूत होत नाही. ते कोणाच्या अंगी लागते, हेही पाहिले पाहिजे.