एस.टी.ने जा, पायी हिंडा : मोझरीच्या आसपासच्या तीन वाटा

वर्षभरात आपण गाव सोडून कितीदा बाहेर पडतो, याचा एकदा हिशेब करून पाहा. सोयरिकीतली लग्ने, कोणाची मयत, बाजार, बँक आणि दवाखाना. याखेरीज बाहेर पडणे झाले तर देवदर्शनाला. नुसते डोंगर पाहायला, नदीकाठाने चार पावले टाकायला म्हणून घरची बाई कधी एस.टी.त बसली आहे काय?

माझी एक आत्या अचलपूरकडची. तिच्या वावरातून उत्तरेला गाविलगडच्या डोंगराची निळी रेघ दिसते. पन्नास वर्षे तिने निंदताना, वेचताना ती रेघ पाहिली. पण तिथे कधी गेली नाही. "चाल, डोंगरावर हिंडून येऊ," म्हटले तर ती म्हणाली, "काहून रे, वावरात काय कमी चालतो आमी?"

तिचे म्हणणे खोटे नाही. शेतातल्या माणसाला व्यायामासाठी चालायला सांगणे म्हणजे नदीला पाणी पाजणे. पण वावरात आपण वाकून चालतो. नजर तणावर असते, नाही तर बोंडावर. मान वर करून, हातात विळा-टोपले न घेता चालणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिला फार खर्चही लागत नाही. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. पासष्टी उलटलेल्यांना अर्धे, आणि पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड तेवढे जवळ ठेवा.

गुरुकुंज मोझरी आपणा वऱ्हाडकरांना नवी नाही. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला. पुण्यतिथीच्या दिवसांत गावोगावची माणसे इथे येतात, समाधीपुढे हात जोडतात आणि मिळेल त्या गाडीने परततात. पुढच्या खेपेला परतण्याची घाई करू नका. जवळच दासटेकडी आहे. चढ असा फारसा नाही, म्हातारी माणसेही थांबत थांबत वर जातात. सकाळच्या उन्हात वर बसून खालची वावरे पाहावीत. आपलीच पऱ्हाटी, आपलीच तूर. पण वरून पाहिल्यावर धुरे कसे पडले आहेत, पाणी कुठून वाहते, कोणता तुकडा चिभडला आहे, हे असे उघड दिसते की खाली उभे राहून कधी दिसत नाही. लहान मुलांना डोंगराची सवय लावायला ही टेकडी पुरेशी आहे. मोझरी नागपूर-अमरावती हमरस्त्यावर असल्याने गाड्यांना तोटा नाही. मात्र सगळ्याच गाड्या इथे थांबत नाहीत. चढण्यापूर्वी वाहकाला विचारून घ्या.

दुसरी वाट कौंडण्यपूरची. मोझरीहून तिवसा, तिथून कुऱ्हा आणि पुढे कौंडण्यपूर. अमरावतीहून कुऱ्ह्यावरून आर्वीकडे जाणारा रस्ता इथेच वर्धा नदी ओलांडतो. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण हे गाव मानतो. इथून आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची परंपरा चारशे वर्षांहून जुनी सांगतात. दर्शन झाले की पायऱ्यांवर न थांबता काठाकाठाने चालत निघा. गावाभोवतीची टेकाडे नीट पाहा. काळी आणि पांढरी यांतला फरक शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. वस्ती मोडून, भिंती विरघळून जी माती होते ती पांढरी. इथल्या टेकाडांत अशी वस्तीवर वस्ती साचलेली आहे. १९६० नंतरच्या दशकात इथे उत्खनन झाले तेव्हा सातवाहनांच्या काळच्या आणि त्याहीपूर्वीच्या वस्तीच्या खुणा निघाल्या. पावसाने माती धुपली की खापरांचे तुकडे वर येतात. मुलांना ते जरूर दाखवा, पण खिशात घालू देऊ नका. धान्याची रास मोडली की कोणाचे किती ते सांगता येत नाही, तसे जागचे खापर हलले की त्याचा काळ सांगता येत नाही.

नदीविषयी एक गोष्ट मात्र कानाला खडा लावून लक्षात ठेवा. वरच्या अंगाला सिंभोऱ्याजवळ ऊर्ध्व वर्धा धरण आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले म्हणजे इथे आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते. काठावर बसा, पात्रात उतरू नका. आणि नावेत तर मुळीच बसू नका. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे याच वर्धा नदीत नाव उलटली आणि नात्यागोत्यातली ११ माणसे बुडाली. तीही घरचे कार्य आटोपून धबधबा पाहायलाच निघाली होती.

आमची फजिती त्या मानाने फारच साधी. कौंडण्यपूरला मुले पाण्यात खडे मारीत राहिली, आम्ही बोलत बसलो आणि शेवटची गाडी गेली. चूक आमचीच. उतरताना परतीची वेळ विचारली नव्हती. अंधार पडेपर्यंत टपरीपुढे बसलो आणि एका भल्या माणसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कुऱ्ह्यापर्यंत आलो. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे: गाडीतून उतरले की आधी शेवटची गाडी विचारायची, मग त्याच्या आदल्या गाडीने परतायचे.

तिसरी वाट लांबची आहे, पण तिच्यासाठी एक मुक्काम जरूर खर्ची घाला. अमरावतीला नाही तर परतवाड्याला कोणी ना कोणी पाहुणे असतातच. आदल्या रात्री त्यांच्याकडे उतरा आणि सकाळच्या गाडीने चिखलदऱ्याला चढा. उंची सुमारे ११०० मीटर. घाट लागला की खिडकीची हवाच बदलते. साग, बांबू, धावडा, मोह; आणि वर गावात सावलीखाली वाढणारी कॉफीची झाडेही दिसतील. संत्र्याच्या बागवानाला ती बघण्यासारखी आहेत.

भीमकुंडाचा धबधबा पोळ्याच्या सुमारास भरात असतो. कठडा सोडून पुढे जाऊ नका, कातळावर शेवाळ असते. इथले पाणी कुठे जाते, हे मुलांना विचारा. मोझरीचे पाणी पूर्वेला वर्धेला मिळते, तिथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. या डोंगरात उगम पावणारी चंद्रभागा मात्र पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी जाते पश्चिमेच्या समुद्रात. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो.

चालायचे ते गाविलगडाकडे. गड म्हटला की आपल्याला छाती फुटेल असा चढ आठवतो. इथे तसे नाही. चिखलदऱ्याच्या बाजूने वाट जवळजवळ सपाट आहे, आणि गड पडला तोही याच अंगाने. आडगावची लढाई संपल्यावर इंग्रजांच्या फौजा इकडे वळल्या. दक्षिणेकडचा कडा चढणे अशक्य, म्हणून स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरांतून वाट काढत तोफा उत्तरेकडून ओढून आणल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी गड वेलस्लीच्या हाती गेला. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच वेलस्ली. आत तळी आहेत, पडके बुरूज आहेत, दरवाज्यांवर कोरीव काम आहे. हे सगळे मेळघाटच्या जंगलाला लागून आहे, म्हणून वनखात्याच्या माणसाला विचारूनच पुढे जावे आणि दुपार कलायच्या आत परतावे. अस्वलाशी गाठ पडावी असे कोणालाच वाटत नाही. ११३ वर्षे कोणाला सापडला नव्हता तो रानपिंगळा १९९७ साली खानदेशात शहाद्याकडे पुन्हा दिसला. मेळघाटही त्याचे घर आहे. तुम्हाला दिसेलच असे नाही, पण शांत चालाल तर इतर पाखरे पुष्कळ दिसतील.

शिदोरीला ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा बस झाला. पाणी भरपूर घ्या. कागद-पिशव्या परत आणा. पायांत चपलेऐवजी बूट असले तर बरे. दिवस निवडताना पोळा आणि सोयाबीनची कापणी यांमधला काळ धरा. निंदण आटोपलेले असते आणि वेचणीला अवकाश असतो. ढोरांचे चारापाणी शेजाऱ्यावर सोपवा आणि त्याची पाळी आली की त्याचे तुम्ही करा.

आत्या शेवटी आली. अर्ध्या तिकिटाची गोष्ट तिला पटली असावी. डोंगराची पटली असे मला वाटत नाही. गडावर दक्षिणेच्या तटापाशी गेलो तेव्हा ऊन पडले होते आणि खाली सारा वऱ्हाड पसरलेला होता. तिने डोळ्यांवर हात धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. मी म्हटले, "आत्या, बस जरा." ती बसली नाही.

"थे तिकडं आमचं वावर असन ना रे?" ती म्हणाली. "थ्या निंबाजवळ?"

एवढ्या उंचीवरून निंब कुठला दिसायला. तरी मीही तिच्या बोटाच्या दिशेने पाहत उभा राहिलो.