स्टिअरिंगला 'प्ले' वाढलाय? बॉक्सचा स्क्रू आवळण्याआधी या ५ जागा तपासा

नंदुरबार : धडगाव-तळोदा मार्गावरचा चांदसैली घाट असो, तोरणमाळचा घाट असो किंवा सुरत-धुळे महामार्गावरची कोंडाईबारी, भरलेला ट्रक इथल्या वळणांवरून उतरवताना स्टिअरिंगचा पक्का भरवसा लागतो. उसाचा हंगाम सुरू झाला की जुने ट्रकही दिवसरात्र रस्त्यावर असतात. अशा गाड्यांमधली नेहमीची तक्रार म्हणजे ढिलं स्टिअरिंग. त्यावर अनेकदा 'बॉक्सचा स्क्रू आवळून घ्या' असा झटपट उपाय केला जातो. पण दोष दुसरीकडेच असेल तर हा उपाय धोक्याचा ठरतो. नेमकं काय करायचं? समजून घेऊया.

प्ले म्हणजे काय? किती चालतो?

स्टिअरिंग फिरवलं, पण पुढची चाकं हलली नाहीत, तर तेवढं मोकळं फिरणं म्हणजे प्ले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. घड्याळात १२ ते १ मध्ये जेवढं अंतर, तेवढे हे ३० अंश. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर ते सुमारे १२ सेंटिमीटर भरतं. मात्र ही कमाल मर्यादा आहे. कंपनीच्या मॅन्युअलमधली मर्यादा सहसा याहून कमी असते. प्ले आधीपेक्षा वाढल्याचं जाणवलं की तपासणी करायला हवी.

घरी कसं मोजाल?

गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ ठेवून उभी करा. पॉवर स्टिअरिंग असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावा आणि इंजिन चालू करा. स्टिअरिंगच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा. पुढचं चाक हलायला लागेपर्यंत स्टिअरिंग हळूच डावीकडे, मग उजवीकडे फिरवा. खूण जेवढी सरकली, तेवढा प्ले.

दोष कुठे आहे?

एकाने केबिनमध्ये बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवावं. दुसऱ्याने बाजूला उभं राहून खालचे सांधे पाहावेत. कोणत्या सांध्याच्या एका बाजूला हालचाल आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, ते शोधायचं.

१. कॉलमचा जॉइंट : वरचा दांडा फिरतो, पण बॉक्सकडे जाणारा दांडा उशिरा फिरतो? मग क्रॉस किंवा त्याचा बोल्ट ढिला आहे.

२. स्टिअरिंग बॉक्स : बॉक्सच चासीवर हलत असेल तर आधी त्याचे बोल्ट पाहा. बॉक्स घट्ट आहे, दांडा फिरतोय, पण ड्रॉप आर्म हलत नाही, तर झीज बॉक्सच्या आत आहे.

३. ड्रॅग लिंक आणि टाय रॉड एंड : बॉल जॉइंटमध्ये टकटक जाणवते का, रबर फाटलंय का, ते पाहा. हे रबर शाबूत असणं नियमानेही बंधनकारक आहे.

४. किंगपिन : मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा अॅक्सल जॅकने उचलून स्टँडवर टेका. चाक वर-खाली धरून हलवा. हलत असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबूनही हलत राहिलं, तर किंगपिन-बुश झिजलेत. एअर ब्रेक असेल तर टाकीत हवा हवी.

५. हब बेअरिंग : ब्रेक दाबताच हलणं थांबलं, तर बेअरिंग ढिलं आहे.

याशिवाय कमानपाट्यांचे यू-बोल्ट आणि टायरमधली हवाही बघा. यातल्या दोषांमुळेही गाडी रस्त्यावर भरकटते.

स्क्रू आवळला तर बिघडतं काय?

गाडी सरळ चालवण्यात सर्वाधिक वेळ जातो. त्यामुळे बॉक्सचे दाते मधल्या भागात जास्त झिजतात. वळणावर वापरले जाणारे दाते तुलनेने शाबूत असतात. मधला प्ले काढायला स्क्रू जास्त आवळला, की वळणावर दाते जखडतात. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. घाटात हेच जिवावर बेतू शकतं. म्हणून बाकी सगळे सांधे ठीक झाल्यावर, शेवटी, मॅन्युअलमधल्या मापानेच हा स्क्रू हलवायचा.

दुरुस्तीत काय टाळाल?

- झिजलेला बॉल जॉइंट ठोकून बसवू नका, बदला.
- ड्रॉप आर्म, टाय रॉड किंवा नकलला वेल्डिंग करू नका, गरम करून वाकवू नका.
- जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नका.
- किंगपिन बदलताना फक्त पिन नको, बुशसह पूर्ण किट घ्या.
- पार्ट बदलल्यानंतर अलाइनमेंट करा. नुसत्या अलाइनमेंटने प्ले जात नाही.

आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पण दोन तपासण्यांच्या मध्ये अख्खा हंगाम जातो. खडीच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या किंगपिनला आणि सांध्यांना वेळेवर ग्रीस द्या. घाटात जाण्याआधी वरची चिकटपट्टीची चाचणी करा. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. प्ले मर्यादेबाहेर असेल, तर माल भरण्याआधी दुरुस्ती करा.