सळईच्या ब्रेकची जुनी सायकल अडीच हजारात रस्त्यावर आणताना

सातपूरच्या कोणत्याही जुन्या कॉलनीत जिन्याखाली डोकावून बघा, एखादी काळी सायकल धूळ खात पडलेली दिसेलच. एमआयडीसीच्या शिफ्ट सुटल्या की मायको सर्कलपर्यंत सायकलींची रांग लागायची, त्या काळातली. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हापासून शहरात गिअरच्या महागड्या सायकली बऱ्याच दिसू लागल्या. पण जिन्याखालच्या काळ्या सायकली तिथेच राहिल्या.

आमच्याकडची ॲटलस बाबांची. मुलाला आयटीआयला प्रवेश मिळाला, रोजचं येणं-जाणं सुरू होणार होतं आणि नवीन सायकलचं बजेट नव्हतं. म्हणून हीच काढली. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तेव्हा पार्टचं काय होणार असं वाटलं होतं, पण या जातीच्या सायकलीचे बहुतेक पार्ट एकाच जुन्या इंग्लिश मापावर बेतलेले असतात, त्यामुळे ॲटलसला हीरोचं किंवा एव्हनचं सामान सहसा बसतं. ‘सहसा’ म्हणतोय, म्हणून जुना पार्ट पिशवीत घालूनच दुकानात जा.

खर्च करण्याआधी एक तपासणी मात्र करायचीच. नळ्या जिथे एकमेकांना जोडल्या आहेत तिथे रंगात केसाएवढी रेघ आहे का, ते उजेडात बघा. विशेषतः हँडलखालची जोडणी आणि चिमट्याचा वरचा भाग. रंगाची भेग आणि लोखंडाची भेग यात फरक असतो. पॉलिश पेपरने थोडं घासल्यावर रेघ गेली तर रंगाचीच होती. मग मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरा हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर फ्रेम वाकलेली आहे. चिमट्याला तडा असेल तर वेल्डिंग करून वापरू नका, दुसरा चिमटा घ्या. चालत्या सायकलचा चिमटा तुटला की माणूस थेट तोंडावर पडतो.

आता माझी चूक सांगतो. मी आधी रंगाच्या मागे लागलो. एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले आहेत, पण त्यात फ्रेम १८० ते २०० अंश तापमानाच्या भट्टीत जाते, म्हणजे छर्रे, कप, रबर सगळं आधी उतरवावं लागतं आणि हँडलखालचा जुना स्टिकरही जातो. तो मला ठेवायचा होता. मग घरीच इनॅमल मारला. सायकल छान चकाकली. ब्रेकचे गुटखे घाईत बदलले आणि पहिल्या पावसात ट्रायल म्हणून बाहेर काढली. आयटीआय सिग्नलच्या अलीकडे ब्रेक दाबला आणि पुढचा गुटखा खोबणीतून सुटून रस्त्यावर उडाला. मागचा ब्रेक ओला, मागे ट्रक. पाय घासत थांबलो. मुलगा बसला असता तर, हा विचार घरी पोहोचेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

गुटखा सुटला कारण मी तो उलटा बसवला होता. सळईच्या ब्रेकचा गुटखा ज्या खोबणीत बसतो तिची एक बाजू उघडी आणि एक बंद असते. ब्रेक लागल्यावर फिरणारी रिंग गुटख्याला ज्या दिशेला ओढते, त्या दिशेला बंद बाजू यायला हवी. उलटं झालं की प्रत्येक ब्रेकला गुटखा थोडा थोडा बाहेर सरकतो. अशोकनगरच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना सांगितलं तर ते नुसते हसले आणि म्हणाले, “भाऊ, आधी थांबायचं बघायचं, मग दिसायचं.”

मग वाटलं, हे ब्रेकच काढून टाकू आणि आजकालचे केबलचे बसवू. इथे बहुतेक जण पैसे घालवतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नव्या सायकलचा कॅलिपर ब्रेक रिंगेला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतो, त्यासाठी रिंगेची बाजू सपाट लागते. जुन्या सायकलच्या रिंगेच्या बाजू गोलसर असतात. सळईचा ब्रेक बाजूला लागतच नाही. तो रिंगेच्या आतल्या, म्हणजे स्पोककडच्या अंगावर खालून वर दाबला जातो. गोलसर बाजूला कॅलिपरचं रबर नीट टेकत नाही. म्हणजे ब्रेकबरोबर रिंगही बदलायची. पण जुन्या पुढच्या हबला ३२ आणि मागच्याला ४० स्पोकची भोकं असतात, आणि बाजारातली अल्युमिनियमची रिंग बहुतेक ३६ भोकांची. म्हणजे हबही बदला. शिवाय जुन्या २८ × १½ च्या रिंगेवर टायर बसतो ती जागा ६३५ मिलिमीटर व्यासाची आणि नव्या ७००सी रिंगेची ६२२. चाक साडेसहा मिलिमीटर आत गेलं, की ब्रेकचे हातही तेवढे लांब लागतात. अशी साखळी सुरू होते आणि शेवटी फ्रेम तेवढी जुनी उरते. हिशोब केला, सोडून दिला.

जुनेच ब्रेक नीट केले तर कोरड्या रस्त्यावर चांगले लागतात. पण त्यांचं गणित वेगळं आहे. नव्या सायकलला चाक डावी-उजवीकडे डुलत असेल तर ब्रेक घासतो. सळईच्या ब्रेकला चाक उंच-सखल असेल तर त्रास होतो, कारण गुटखा खालून वर दाबतो. म्हणून मिस्त्रीला नुसतं “आऊट काढा” म्हणू नका, वर-खालचाही काढायला सांगा. मग सळयांचे सगळे सांधे रॉकेलने धुवा, प्रत्येक सांध्यात तेलाचा एक थेंब टाका, गुटखा आणि रिंग यांत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा आणि दोन्ही बाजूंचे गुटखे एकाच वेळी टेकतात ना ते बघा. माझी एक सळई झिजून गेली होती, ती जुन्या सामानातून मिळाली. अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारावर महापालिकेने २०१७ मध्ये मोठी कारवाई केली होती, तरी शोधलं की असं सामान अजून कुठेतरी सापडतं.

बाकी ओव्हरऑइल, म्हणजे मूळ शब्द ओव्हरहॉल. पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची छर्रे एका बाजूला १०, मागच्या हबमध्ये पाव इंची ९, पायडलच्या ॲक्सलला पाव इंची ११. जुन्यात नवे मिसळू नका, आख्खा संच बदला. माप किंचित कमी-जास्त झालं की भार दोन-चार छर्ऱ्यांवरच येतो आणि कोन खराब होतो. कॉटर पिन काढताना नट काठापर्यंत सैल करा, तेल टाकून रात्रभर ठेवा, क्रँकखाली पाइपचा भक्कम आधार द्या आणि एकच जोरात ठोका मारा. हलके हलके दहा ठोके मारले तर पिन फुगते आणि अजून अडकते. नवीन पिना बसवताना दोन्हींची तोंडं एकमेकांच्या उलट ठेवा, नाहीतर दोन्ही पायडल एका सरळ रेषेत येत नाहीत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरून आटे मारणारा मी पहिला नसेन.

चेन तपासायची असेल तर ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून १२ इंच मोजा. तिथे नेमका दुसऱ्या पिनेचा मध्य यायला हवा. १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. १/८ गेला असेल तर फ्रीव्हीलचे दातेही गेलेत असं समजा.

फ्रीव्हील बदलायचंच होतं, तर तिथेच माझं सगळ्यात स्वस्त अपग्रेड झालं. पुढे ४४ दाते, मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक २.४४ वेळा फिरतं. टायरसकट चाकाचा व्यास ७१५ मिलिमीटर धरला तर घेर सव्वादोन मीटर, म्हणजे एका फेरीत सायकल साडेपाच मीटर जाते. मी मागे २० दात्यांचं फ्रीव्हील लावलं. आता एका फेरीत जवळपास पाच मीटर. वेग थोडा कमी झाला, मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी २० ऐवजी १८ किलोमीटर, पण पायाला लागणारा जोर दहा टक्क्यांनी कमी. त्र्यंबक रोडने महिरावणीकडे जाताना उलटा वारा आणि चढ एकत्र आले की हे दोन दाते जाणवतात.

टायर घेताना फक्त ‘२८’ बघू नका. २८ × १½ असंच लिहिलेलं हवं. २८ लिहिलेले दुसऱ्या मापाचे टायरही मिळतात, ते या रिंगेवर बसत नाहीत.

दिव्यासाठी बाबांचा बाटलीचा डायनॅमो होता, ६ व्होल्ट ३ वॅटचा. तो एसी देतो, एलईडीला डीसी लागतो, म्हणून मध्ये चार शॉटकी डायोडचा ब्रिज घातला. डायनॅमोची गंमत अशी, की वेग कितीही वाढला तरी तो साधारण अर्ध्या अँपिअरच्या फार पुढे जात नाही. म्हणून ३ वॅटचे दोन एलईडी सिरीजमध्ये लावले की वेगळा ड्रायव्हर लागत नाही. १ वॅटचे लावू नका, ते ३५० मिलिअँपिअरचे असतात, जळतील. झगमगाट कमी व्हावा म्हणून कपॅसिटर लावणार असाल तर किमान २५ व्होल्टचा घ्या, कारण लोड सुटला की डायनॅमोचा व्होल्टेज भलताच चढतो. मागचा लाल दिवा मी सेलवरचा लावला, सिग्नलला थांबल्यावरही पेटता राहावा म्हणून.

खर्च विचाराल तर मला पडला तो असा: टायर ६४०, ट्यूब २२०, चेन १६०, फ्रीव्हील १४०, छर्रे-कोन-कप २८०, कॉटर पिना ४०, गुटखे ८०, जुनी सळई १००, स्पोक आणि आऊट काढायची मजुरी ३००, रंग २५०, दिव्याचं सामान १८०. एकूण २,३९०. यातले रंगाचे २५० मी आज सगळ्यात शेवटी खर्च केले असते.

पावसाचं मात्र काही झालं नाही. क्रोमच्या ओल्या रिंगेवर रबर पकडत नाही, पाणी पुसलं जाईपर्यंत चाक एक-दोन फेरे तसंच फिरतं, आणि हे गुटखे बदलून जात नाही. मुलाला सांगितलंय, रिमझिम असेल तर सिग्नलच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका दाबून रिंग कोरडी कर. आणि जोराचा पाऊस असेल त्या दिवशी सायकल जिन्याखाली, तो सिटीलिंकच्या बसने जातो.